ससा गाजरावर नाही, गवतावर जगतो

गवत्या
१२ मार्च, सकाळी ९:१०

ससा विकत मिळतो त्या दुकानात पिंजरा मिळतो, रंगीबेरंगी दाणे मिळतात, पाण्याची उलटी टांगायची बाटली मिळते. गवत मिळत नाही. आणि सशाला मुख्य लागतं ते तेवढंच. "गाजर, कोबी घाला, मजेत राहील" असं सांगून पाठवतात. दोन-चार महिन्यांत ससा पातळ हगायला लागतो किंवा खाणं सोडून कोपऱ्यात बसतो, मग "ससे नाजूकच असतात हो" म्हणून विषय मिटतो. नीट ठेवलेला ससा आठ ते बारा वर्षं जगतो. म्हणजे पहिलीतल्या पोराला आणून दिला तर तो त्याची बारावी बघून जातो.

आधी दात. सशाला २८ दात असतात आणि सगळे जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर. गवत चावताना जबडा आडवा फिरतो, गवतात सिलिका असते, त्याने दाढा घासल्या जातात. गाजर किंवा दाणे वरखाली चिरडून गिळले जातात. मग दाढांच्या कडांना टोकं येतात, ती जिभेला आणि गालाला टोचतात. ससा खाण्याजवळ येतो, तोंडात घेतो, टाकतो, हनुवटी लाळेने ओली राहते. लोकांना वाटतं नखरे करतोय.

मग पोट. सशाच्या पोटातली सगळ्यात मोठी जागा जठराची नाही, अंधांत्राची. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची ही पिशवी. जाड तंतू पुढे ढकलले जातात, बारीक भाग मागे या पिशवीत जातो आणि जिवाणू तो आंबवतात. तंतू कमी पडले की आतड्याची हालचाल मंदावते, साखर जास्त झाली की नको ते जिवाणू वाढतात, वायू धरतो. ससा ओकू शकत नाही, त्यामुळे जे आत गेलं त्याला एकच वाट.

मोठ्या सशाचं रोजचं माप: सुकं गवत अंगाएवढा ढीग, कधीच संपू द्यायचं नाही (एकूण खाण्याच्या ८० ते ८५ टक्के हेच). हिरवा पाला किलोमागे एक मोठी वाटी. गोळी खाद्य किलोमागे २० ते २५ ग्रॅम, तेही तंतू १८ टक्क्यांच्या वर असलेलं. फळ, गाजर हा खाऊ.

मराठीत ही माहिती एका जागी सापडत नाही म्हणून धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे कान धरावेत. माझे. सशाचे नकोत.

शंकासूर
१२ मार्च, सकाळी ९:३२

ससा स्वतःची लेंडी खातो म्हणतात ते खरं का? पोहे खाताना विचारतोय, जपून लिहा.

गुरांचा डॉक्टर
१२ मार्च, सकाळी १०:०५

शंकासूर, पोहे संपवून वाचा.

दोन प्रकार असतात. दिवसभर पिंजऱ्यात पडतात त्या कोरड्या, गोल, वाटाण्याएवढ्या, वास नसलेल्या. हातात धरून चुरडली तर आत नुसता गवताचा भुसा दिसतो. दुसरा प्रकार अंधांत्रातून येतो: मऊ, चकाकत्या, काळसर, लहान द्राक्षाच्या घडासारख्या चिकटलेल्या. वर बुळबुळीत आवरण असतं, त्यामुळे जठरातल्या आम्लातून त्यातले जिवाणू शाबूत जातात. यात प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं भरपूर. ससा खाली वाकून त्या थेट गुदद्वारातूनच तोंडात घेतो, चावत नाही, गिळतो. गाय रवंथ करते, ससा दुसऱ्यांदा जेवतो. हेतू एकच, चाऱ्यातून सगळं काढून घेणं.

ह्या मऊ गोळ्या पिंजऱ्यात पडलेल्या किंवा ढुंगणाला चिकटलेल्या दिसल्या तर त्याला जुलाब समजू नका. कारण बहुतेक वेळा तीनांतलं एक: गोळी खाद्य आणि गोड जास्त झालंय, ससा इतका लठ्ठ आहे की मान पोचत नाही, किंवा पाठ-गुडघे दुखतात. औषध मागायच्या आधी दाणे बंद करून फक्त गवतावर ठेवा. खरा जुलाब पाण्यासारखा असतो, आणि लहान पिल्लाला तो झाला तर त्याच दिवशी दवाखाना.

गवत्याच्या लेखात एक भर. ससा उंदीर-घुशींच्या कुळातला नाही. त्याच्या वरच्या पुढच्या दातांमागे दातांची आणखी एक बारकी जोडी असते, ती उंदरांना नसते. १९१२ पासून सशांचा गण वेगळा मानतात.

शंकासूर
१२ मार्च, सकाळी १०:११

पोहे अर्धे राहिले. माहितीबद्दल धन्यवाद, बहुतेक.

माळरान
१२ मार्च, सकाळी ११:४०

आपल्या भाषेत 'ससा' एकच शब्द आहे, त्यामुळे दोन पार वेगळे प्राणी एका पिंजऱ्यात कोंबले जातात.

पुणे, सोलापूर, नगरच्या माळावर संध्याकाळी गाडीच्या उजेडात उड्या मारत जातो तो रानससा. भुरा-तपकिरी, मानेवर काळा ठिपका, शेपटीची वरची बाजू काळी, पाय लांब. हा बीळ करत नाही. गवतात अंगाच्या मापाचा खळगा दाबून त्यात कान पाठीला चिकटवून बसतो आणि अगदी पायाखाली येईपर्यंत हलत नाही. पिल्लं जन्मतःच केसाळ, डोळे उघडे.

पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तो बिळं करतो, कळपाने राहतो, पिल्लं उघडीवाघडी आणि आंधळी जन्मतात. पांढरा असो, काळा असो, लोंबत्या कानांचा असो, सगळ्या पाळीव जाती या एकाच प्राण्याच्या. गुणसूत्रं पाळीव सशाची ४४, रानसशाची ४८. दोघांचा संकर होत नाही, कोणी "गावठी-इंग्लिश मिक्स" म्हणून विकत असेल तर पुढे चला.

रानससा पाळणं, पकडणं, मारणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. कापणीच्या वेळी शेतात एकटं पिल्लू दिसलं की लोक "आई सोडून गेली" म्हणून घरी आणतात. आई सोडून गेलेली नसते. ती मुद्दाम लांब राहते, वासावर कोल्हा-मुंगूस येऊ नये म्हणून, आणि अंधार पडताना थोडा वेळ येऊन पाजून जाते. पिल्लू आहे तिथेच ठेवा. यंत्र फिरणार असेल तर बांधाला सावलीत सरकवा. जखमी असेल तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा.

अवांतर: चंद्राला शशांक म्हणताना डोळ्यांपुढे जो ससा येतो तो हा रानससाच. 'ससेहोलपट' मधलाही हाच, पळवून पळवून दमवलेला. पांढरा गुबगुबीत पाहुणा मागाहून आला.

टपरीवरचा चहा
१२ मार्च, दुपारी १२:०२

आणि कासवाबरोबर हरला तो कुठला?

माळरान
१२ मार्च, दुपारी १२:०९

रानससा. बिळातला असता तर शर्यतीच्या अर्ध्या वाटेत बीळ करून आतच राहिला असता.

मुक्ता
१२ मार्च, दुपारी १:१५

गवत्या, "सुकं गवत" म्हणजे नक्की काय घ्यायचं? ऑनलाइन मिळणारं आयात टिमोथी महाग पडतं. आणि एका यादीत लसूण विषारी लिहिलंय, दुसऱ्या यादीत लसूणघास द्या लिहिलंय. नक्की काय?

गवत्या
१२ मार्च, दुपारी २:३०

मुक्ताताई, लसूणघास आणि लसूण यांचा नावापुरताच संबंध. लसूणघास हा द्विदल चारा, गुरांना घालतात तो. लसूण-कांदा सशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, ते कधीच नाही. पण लसूणघासही मोठ्या सशाला रोज नको. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम खूप. माणसाच्या शरीरात जादा कॅल्शियम आतड्यातच अडवलं जातं, ससा मात्र ते बहुतेक सगळं शोषतो आणि नको असलेलं लघवीतून टाकतो. म्हणून सशाची लघवी गढूळ, वाळल्यावर फरशीवर पांढरी पूड राहते. थोडी पूड ठीक. दाट, भिजवलेल्या खडूसारखी यायला लागली तर मूत्राशयात गाळ साठतोय. लसूणघास सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना, गाभण आणि पाजणाऱ्या मादीला.

आयात गवताचीच गरज नाही. मारवेल, पवना, डोंगरी गवत, ओटचं सुकं गवत, यांतलं काहीही चालतं. फुलोऱ्याच्या सुमारास कापून सावलीत वाळवलेलं, अजून हिरवट रंग आणि गोडसर वास असलेलं घ्यायचं. मूठभर घेऊन झटका. धूर उडाल्यासारखी भुकटी उडाली किंवा कुबट वास आला तर ती बुरशी, परत करा. भाताचा पेंढा अंथरायला उत्तम, खायला निकृष्ट. कडब्याची वाळलेली पानं चालतात, पण कोवळी हिरवी ज्वारी गुडघाभर होईपर्यंत अजिबात नको, तिच्यात सायनाइड तयार होतं. गुरं मरतात त्याने, सशाची काय कथा.

दूर्वा उत्तम. मात्र गणपतीला वाहिलेल्या, हळदकुंकू आणि पाणी लागून दिवसभर कोमेजलेल्या नकोत.

कुंडीवाली
१२ मार्च, दुपारी ३:०५

पाल्याचं मी सांगते. कोथिंबीर, पुदिना, तुळस, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, गुलाबाच्या पाकळ्या बिनधास्त. मेथी, पालक, शेवगा आठवड्यातून एक-दोनदा, कारण ऑक्झलेट नाहीतर कॅल्शियम. कोबी-फ्लॉवर थोडाच, वायू धरतो. नवीन पाला सुरू करताना एका वेळी एकच, दोन पानं, आणि चोवीस तास लेंड्या बघायच्या.

बाल्कनीत ससा मोकळा सोडत असाल तर आधी कुंड्या तपासा. कण्हेर, रुई, धोतरा, घाणेरी हे विषारी. अळू कच्चं नको, मनी प्लांट नको, दोन्हींतले बारीक स्फटिक तोंड-घसा टोचून सुजवतात.

लेंड्या मात्र फेकू नका. कोंबडीखतासारख्या उष्ण नसतात, कुजवायची वाट न बघता थेट कुंडीत टाकल्या तरी मूळ जळत नाही. एक धडधाकट ससा दिवसाला दोन-तीनशे टाकतो. दहा इंची कुंडीला महिन्यातून दोन मुठी पुरे.

टपरीवरचा चहा
१२ मार्च, दुपारी ३:२०

दोन-तीनशे! मोजल्या कोणी?

शेडवाला
१२ मार्च, संध्या. ६:४५

मोजतात राव. लेंड्या मोजणं हीच सशाची नाडी. आकार लहान व्हायला लागला की उद्याचं आजारपण आज कळतं. केसाने माळेसारख्या जोडलेल्या लेंड्या आल्या की समजायचं केस गळतीचा हंगाम आहे, रोज विंचरायला घ्या.

आता वादाचं. जाळीच्या फरशीवर सगळे तुटून पडतात. पण लेंड्या-मूत खाली पडून जातं म्हणूनच पिल्लं कॉक्सिडियाने मरत नाहीत. या रोगाचे जंतू लेंडीतून पडतात आणि पसरण्याजोगे पक्व व्हायला त्यांना दोनेक दिवस लागतात. लेंडी खाली गेली की साखळी तुटली. ओल्या जमिनीवर ठेवलेली चार ते आठ आठवड्यांची पिल्लं पोट फुगून जातात ती यानेच.

जाळीत चूक होते ती मापात. तळाला अर्धा बाय एक इंच, १४ गेज, गॅल्व्हनाइज्ड. बाजूला एक बाय दोन चालते. बाजूची जाळी तळाला वापरली की पाय अडकून मोडतो. आणि कोपऱ्यात बसायला एक लाकडी फळी हवीच.

मुक्ता
१२ मार्च, संध्या. ७:१०

शेडवाले दादा, ते शेडसाठी ठीक. घरातल्या एका सशाला जाळीवर ठेवायचं कारणच नाही. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस. जाळीवर सगळं वजन टाचेवर येतं, केस जातात, कातडी लाल होते, मग जखम आणि हाडापर्यंत पू. न्यूझीलंड व्हाइटचे तळवे दाट केसांचे, त्यांना कमी त्रास. रेक्स जातीचे केस आखूड, त्यांना लवकर.

गुळगुळीत फरशी पण वाईट, पाय घसरतात. सतरंजी किंवा गोणपाट टाका, रोज झटका.

शेडवाला
१२ मार्च, संध्या. ७:२२

मान्य. फळी न टाकणाऱ्या शेडवाल्यांच्याच टाचा जाळीवर ठेवायला हव्यात.

वऱ्हाडी झटका
१२ मार्च, रात्री ९:५०

हे सगळं पुण्या-मुंबईचं झालं. आमच्या इकडं मे महिन्यात ४५ च्या वर जाते, तवा काय करायचं ते सांगा कोणी. ससा अन् उन्हाळा हे जमतच नाही बाप्पा.

गुरांचा डॉक्टर
१२ मार्च, रात्री १०:३०

जमतं, पण एप्रिलपासून तयारी हवी. सशाला १५ ते २५ अंश मानवतं, तिशीच्या वर त्रास सुरू. त्याला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून गार होणंही नीट जमत नाही. गरमी बाहेर टाकायची जागा म्हणजे कान. म्हणून कानाला हात लावून बघा, लालभडक आणि तापलेले असतील तर शरीर आतून झुंजतंय.

पत्र्याखाली ठेवू नका, संपलं. घरात सगळ्यात खालच्या मजल्यावरची, उत्तरेकडची खोली. खिडकीला वाळ्याचा पडदा किंवा ओलं गोणपाट, समोरून हवा खेळती. विदर्भात हवा कोरडी म्हणून कूलर चालतो, कोकणात नुसता दमटपणा वाढतो, तिथे पंखाच बरा. एक लिटरच्या बाटलीत पाणी गोठवून, फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, ससा स्वतःहून टेकून पडतो. मातीचं पसरट भांडं पाण्याला, दोन किलोच्या सशाला दिवसाला पाव लिटरपर्यंत लागतं. उलट्या बाटलीच्या नळीतून एवढं ओढायला त्याला फार वेळ जातो, शिवाय नळीतला गोळा अडकला तर कोणाला कळतही नाही. पाला धुऊन ओलाच द्या. खाणं पहाटे आणि रात्री; ससा तसाही पहाटे-संध्याकाळीच जागा असतो.

तोंड उघडून श्वास घेत असेल, लाळ गळत असेल, आडवा झाला असेल तर तो झटका. ससा नाकानेच श्वास घेणारा प्राणी, तोंड उघडलं म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं. साध्या पाण्याने कान आणि पाय ओले करा, वारा घाला आणि निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, रक्तवाहिन्या आवळतात आणि धक्क्याने जातो. एरवीही आंघोळ घालायची नसते.

नर उन्हाळ्यात लागत नाही अशी तक्रार येते. तिशीच्या वर बीज कमी होतं, थंडी पडल्यावर सुधारतं. औषध नको.

वऱ्हाडी झटका
१२ मार्च, रात्री १०:४१

वाळ्याचं भारी सांगितलं डॉक्टरसाहेब. आता ससा अन् आजी दोघं एकाच खोलीत.

शंकासूर
१३ मार्च, सकाळी ८:२०

दुकानदार "जोडी" देतो. खरंच जोडी असते का?

शेडवाला
१३ मार्च, सकाळी ८:५५

सहा आठवड्यांच्या पिल्लात त्यालाही सांगता येत नाही, तो आपला चिठ्ठी काढतो. दोन महिन्यांनंतर उताणं न करता मांडीवर बसतं धरून, शेपटीपुढे दोन बोटांनी हलकं दाबायचं. गोल नळीसारखं वर आलं तर नर, उभी चीर दिसली तर मादी. वृषणं दहा-बारा आठवड्यांत खाली उतरतात, मग शंका नको.

चुकलं तर हिशोब असा. चार महिन्यांत वयात येतात. मादीचा माज ठरलेल्या तारखांचा नसतो. नर लागल्यावर दहा-बारा तासांनी बीज सुटतं, म्हणून एक भेट पुरते. ३१ दिवसांनी चार ते आठ पिल्लं. आणि व्यायल्या दिवशीच पुन्हा लागू शकते. "दोन भाऊ" म्हणून आणलेले महिन्याभरात गोकुळ करतात ते असं.

व्यायची असेल तर अठ्ठाविसाव्या दिवशी पेटी ठेवा: १८ इंच लांब, १२ रुंद, १२ उंच, पुढची बाजू ६ इंचांवर कापलेली. तळाला पेंढा. मादी गळ्याखालचे आणि पोटाचे केस उपटून अंथरते, तो आजार नाही. लवकर ठेवलीत तर ती पेटीचा संडास करते.

दुसऱ्या दिवशी पिल्लं तपासा. हात लावला तर आई टाकते हे खोटं. मेलेलं असेल ते काढा. पोट गोल, ताणलेलं असेल तर दूध मिळालंय; सुरकुतलेलं, चिमटलेलं असेल तर नाही. आई चोवीस तासांत एखाद्या वेळी जाते, तीन ते पाच मिनिटं पाजते आणि बाहेर. दिवसभर पेटीकडे बघत नाही म्हणून घाबरून गाईचं दूध पाजू नका, त्यातच पिल्लं मरतात. डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात. आईपासून तोडायचं सहा आठवड्यांच्या आत नको.

पहिलटकरीण पिल्लं खाते ती बहुतेक भीतीने किंवा पाणी संपल्याने. त्या आठवड्यात भांडं भरलेलं, जागा अंधारी, आणि पोरांची जत्रा बंद.

मुक्ता
१३ मार्च, सकाळी ९:३०

म्हणूनच नसबंदी. नराची चार महिन्यांनंतर, मादीची सहाच्या आसपास. नर शस्त्रक्रियेनंतरही चार ते सहा आठवडे फळू शकतो, लगेच मादीजवळ सोडू नका. मादीला तर पिल्लं नको असतील तरी करून घ्या, तीन-चार वर्षांनंतर गर्भाशयाचा कर्करोग फार होतो.

दवाखान्यात कोणी "रात्रीपासून उपाशी ठेवा" म्हणालं तर थांबा. कुत्र्या-मांजराला उपाशी ठेवतात ते भुलीत ओकून श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. ससा ओकतच नाही. उपाशी ठेवला तर आतडं थांबतं. शुद्धीवर आल्यावर दोन-चार तासांत गवत तोंडाला लागायला हवं.

गुरांचा डॉक्टर
१३ मार्च, सकाळी १०:१५

मुक्ता यांना +१. आणखी दोन गोष्टी दवाखान्याच्या दारावर लिहून ठेवण्याजोग्या. पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकायचं फिप्रोनिल सशाला घातक, झटके येऊन मरतो. आणि पेनिसिलिन गटातली प्रतिजैविकं तोंडावाटे द्यायची नाहीत, अंधांत्रातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी उरतात. घरातलं उरलेलं लहान मुलांचं सिरप चमच्याने देणारे फार.

कानात तपकिरी पापुद्रे साचून ससा डोकं झटकत असेल तर ते कानातले किडे. पापुद्रे ओरबाडून काढू नका, खाली रक्ताळलेलं असतं. आयव्हरमेक्टिन वजनावर मोजून, डॉक्टरकडूनच. आठवड्या-दोन आठवड्यांनी पापुद्रा आपसूक गळतो.

लाल लघवी बघून रात्री अकराला फोन येतात. पाल्यातल्या रंगद्रव्याने लघवी नारिंगी-लाल होते. सगळी धार एकसारखी रंगीत असेल तर बहुधा पाल्याचा रंग. गढूळ लघवीत लाल गुठळ्या किंवा रेघा असतील तर रक्त.

खरी तातडी कुठली? बारा तास खाल्लं नाही आणि लेंडी नाही. वेदना, भीती, गरमी, गवत कमी, कशानेही आतडं मंदावतं, वायू धरतो, दुखतं म्हणून खात नाही, खात नाही म्हणून आणखी मंदावतं. अंग आखडून, डोळे अर्धे मिटून, दात करकर वाजवत बसतो. (लाड करताना दात हलके वाजवतो ते सुखाचं, हे वेगळं.) अंग गार लागत असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवा. पोट ढोलकीसारखं ताणलेलं असेल तर घरी काही भरवू नका, अडथळा असू शकतो.

ब्रिस्बेनकर
१३ मार्च, दुपारी १२:४०

इथून वाचतोय. तुम्ही ससा कसा जगवायचा यावर बोलताय, इथे दीडशे वर्षं उलटा उद्योग चाललाय. १८५९ मध्ये व्हिक्टोरियात थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी २४ ससे सोडले. वर शेडवाल्यांनी दिलेलं गणित लावा. १९०७ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात सशांना अडवायला कुंपण पूर्ण झालं, ते पोचायच्या आत ससे पलीकडे. १९५० मध्ये मिक्सोमा विषाणू सोडला, ससे पटापट मेले, जे वाचले त्यांची प्रजा चिवट निघाली.

आमच्या क्वीन्सलँडमध्ये घरी ससा पाळणं बेकायदा आहे. परवाना मिळतो तो संशोधनाला किंवा जादूगाराला.

टपरीवरचा चहा
१३ मार्च, दुपारी १२:४६

म्हणजे तिकडे एवढी जादू असून सरकारला ससे गायब करता येईनात?

शंकासूर
१३ मार्च, दुपारी १२:५०

दंडवत. धागा इथेच बंद करा.

मुक्ता
१३ मार्च, दुपारी १:३५

बंद नको, उचलायचं राहिलंय. कानाला धरून उचलणं हा जुलूम आहेच, पण मोठा धोका पाठीचा. सशाचा सांगाडा फार हलका, वजनाच्या सात-आठ टक्के, आणि मागच्या पायांचे स्नायू दणकट. पाय अधांतरी राहिले की तो जोरात लाथ झाडतो आणि स्वतःच्याच ताकदीने कंबरेचा मणका मोडतो. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, अंगाशी घट्ट. मुलांनी उचलायचंच नाही, जमिनीवर बसून मांडीजवळ येऊ द्यायचं. समोरून नाकावर हात आणू नका; डोळे बाजूला असल्याने जवळपास चहूबाजूंचं दिसतं, नाकासमोरचं तेवढं दिसत नाही. कपाळावर वरून हात फिरवा.

उताणा केला की निपचित पडतो, त्याला "झोपला बघा" म्हणून व्हिडिओ काढतात. ते मेल्याचं सोंग आहे, भीतीने.

कुंडीवाली
१३ मार्च, दुपारी २:१०

आणि शी-शूची सवय? बाल्कनीभर पसारा होतो.

मुक्ता
१३ मार्च, दुपारी २:२८

मांजरापेक्षा सोपी. तो स्वतःच एक कोपरा धरतो, तिथेच ट्रे ठेवा, आपल्या सोयीचा कोपरा त्याच्यावर लादू नका. तळाला कागदाचे तुकडे किंवा लाकडाच्या दाबीव गोळ्या; मांजराची गोळा होणारी वाळू नको, खाल्ली तर पोटात गोळा. गवताची जाळी ट्रेच्या वरच टांगा, कारण ससा खाता खाता हगतो. वयात आल्यावर भिंतीवर पिचकाऱ्या सुरू झाल्या तर त्या नसबंदीने थांबतात, रागावून नाही.

गवत्या
१३ मार्च, संध्या. ५:००

सगळ्यांचे आभार, लेखात भर घालतो. गाजराचं माप द्यायचं राहिलं होतं. १०० ग्रॅम गाजरात पाचेक ग्रॅम साखर, म्हणून दोन किलोच्या सशाला अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा, आठवड्यातून दोनदा. पाला मात्र रोज. भाजीवाले तो तोडून टाकतात, मागितला तर फुकट देतात.

शंकासूर
१३ मार्च, संध्या. ५:१२

शेवटचा प्रश्न. गवताचा भारा एकदम आणला तर पावसाळ्यात ठेवायचा कुठे?

गवत्या
१३ मार्च, संध्या. ५:२५

प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नाही, आतल्या आत घाम धरून दोन दिवसांत बुरशी. गोणपाटाच्या पोत्यात सैल भरा, विटांवर फळी टाकून जमिनीपासून चार बोटं वर, भिंतीपासूनही सुटं. मे अखेरीस कडक उन्हात एकदा पसरून घ्या, गार झाल्यावरच भरा. जुलै-ऑगस्टमध्ये पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघायचं. मध्यभागी कोमट लागलं तर तो भारा गेला.